फ्लेमिश स्थिरचित्र कसं वाचावं: आधी बाजारभाव, मग कवटी

इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाने स्थिरचित्र काढलेलं असतं. मागे चुण्यांचा पडदा, पुढे माठ, दोन वांगी, एखादा तांब्या. त्याच सवयीने आपण सतराव्या शतकातल्या अँटवर्पच्या, म्हणजे आजच्या बेल्जियममधल्या शहरातल्या, एखाद्या फ्लेमिश चित्रासमोर उभे राहतो, छायाप्रकाश बघतो, "काय पेला काढलाय!" म्हणतो आणि पुढे सरकतो. मग कुठेतरी वाचनात येतं की यातल्या वस्तूंना गूढ अर्थ असतात. तिथून गाडी दुसऱ्या टोकाला जाते. लिंबू म्हणजे फसवं सौंदर्य, शिंपला म्हणजे वासना, माशी म्हणजे मरण. यादी पाठ होते, चित्र मात्र दिसेनासं होतं.

मी ही चित्रं बघायला लागले तेव्हा कशानंतर काय बघायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. हळूहळू जो क्रम हाताशी आला तो इथे देते. त्यामागचं म्हणणं एवढंच: ही चित्रं श्रीमंती मिरवतात आणि त्याच दमात ती टिकणार नाही असंही बजावतात. वरून कीर्तन, आतून तमाशा असं आपण म्हणतो. इथे दोन्ही वरच चाललेलं असतं, एकाच टेबलावर. कोणत्या चित्रात कशाचा आवाज मोठा आहे, ते ओळखायला शिकायचं.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- चित्राची मोठी, स्वच्छ प्रतिमा. राइक्सम्युझियम, प्राडो, माउरिट्सहाउस आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर चित्रं झूम करून बघता येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रतिमा चालणार नाही, कारण निम्मी गंमत नखाएवढ्या तपशिलात असते.
- लेबलवरची माहिती: चित्रकार, वर्ष, लाकडी फळी की कॅनव्हास, आणि माप.
- मोजपट्टी. मापाचा आकडा वाचून काही कळत नाही. तेवढा चौकोन वर्तमानपत्रावर आखून बघा.
- वही आणि पेन्सिल. बऱ्याच संग्रहालयांत पेन चालत नाही.
- बायबलमधल्या 'उपदेशक' या पुस्तकाचा पहिला अध्याय. दहा मिनिटांत वाचून होतो. सगळंच व्यर्थ आहे हा त्याचा सूर या चित्रांच्या मुळाशी आहे.

1. आधी पत्ता नक्की करा

फ्लेमिश आणि डच ही दोन नावं सर्रास एकमेकांत मिसळतात. 1585 मध्ये अँटवर्प स्पेनच्या सैन्याच्या हाती पडलं. हजारो प्रॉटेस्टंट कुटुंबं उत्तरेकडे गेली, त्यांत चित्रकारही होते. नेदरलँड्सचा दक्षिण भाग, म्हणजे साधारण आजचा बेल्जियम, कॅथलिक आणि हाब्सबुर्ग या स्पेनच्या राजघराण्याखाली राहिला. उत्तरेचं डच प्रजासत्ताक वेगळं झालं आणि 1648 च्या तहात स्पेनने ते मान्य केलं. 'फ्लेमिश' म्हणताना आपण हा सगळा दक्षिण भाग धरतो. काटेकोर बोलायचं तर अँटवर्प फ्लँडर्स प्रांतात नव्हतंच, ते ब्राबांत या शेजारच्या प्रांतात होतं. पण आता हे नाव रुळलं आहे, त्यावर वाद घालत बसू नका.

चित्रकार मात्र सीमा जुमानत नव्हते. याक दे गेन जन्मला अँटवर्पमध्ये, काम केलं उत्तरेत. यान डाव्हिड्स दे हेम उत्रेख्तचा, पण 1630 च्या दशकात अँटवर्पला येऊन राहिला आणि त्याची सर्वांत भपकेबाज चित्रं त्यानंतरची आहेत. त्यामुळे आडनावावरून ठरवू नका, चित्र कुठे रंगवलं ते बघा. याने अर्थ बदलू शकतो. कॅथलिक घरातल्या भिंतीवर द्राक्षं, वाइन आणि पाव एकत्र दिसले की बघणाऱ्याला चर्चमधला पवित्र प्रसाद आठवणं साहजिक होतं.

2. चित्राचा प्रकार ओळखा

स्थूलमानाने सहा प्रकार ध्यानात ठेवा: बाजार किंवा स्वयंपाकघर, फुलं, मांडलेलं टेबल, शिकार, उंची वस्तूंचा थाट, आणि व्हॅनिटास म्हणजे ऐहिकाच्या फोलपणाची थेट आठवण करून देणारं चित्र. शिकारीत फ्रान्स स्नायडर्स आणि यान फाइट, थाटात दे हेम आणि आद्रियान फान उत्रेख्त, ही नावं पुन्हापुन्हा भेटतील.

पहिल्या प्रकारावर थोडं थांबा, कारण पुढचं सगळं तिथून निघतं. पीटर आर्टसेनने 1551 मध्ये रंगवलेलं मटणाचं दुकान आज स्वीडनमध्ये उप्साला इथे आहे. समोर गाईचं सोललेलं मुंडकं, सॉसेजच्या माळा, मासे, लोणी. बघणाऱ्याच्या अंगावर येईल इतकं मांस. आणि पाठीमागे, दुकानाच्या उघड्या चौकटीतून, अगदी लहान आकारात, बाळ येशूला घेऊन इजिप्तला पळून जाणारी मेरी वाटेवरच्या गरिबाला भाकरी देते आहे. तोपर्यंतच्या रिवाजाप्रमाणे मेरी पुढे हवी आणि खाणंपिणं कोपऱ्यात. आर्टसेनने मांडणी उलटी केली. मांसावर नजर खिळून तुम्ही मेरीकडे दुर्लक्ष केलं, तर चित्रकाराने तुम्हाला रंगेहाथ पकडलं म्हणून समजा. पुढच्या पिढीने मागची मेरी काढून टाकली आणि फक्त टेबल ठेवलं. उपदेश मात्र गेला नाही, तो वस्तूंमध्ये शिरला.

3. बाजारभाव लावा

आता अर्थबिर्थ विसरा आणि टेबलावरच्या प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारा: ही कुठून आली? कुणाला परवडत होती? किती दिवस टिकते? वहीत तीन रकाने आखा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण हाच पाया आहे.

निळ्या-पांढऱ्या नक्षीची बशी दिसली तर ती बहुधा चीनची, वानली या सम्राटाच्या काळातली. मोत्याच्या झळाळीचा नॉटिलस शंख हिंदी-प्रशांत महासागरातला, त्याला सोन्या-चांदीचं कोंदण युरोपात चढवलेलं. पातळ काचेचा डौलदार पेला व्हेनिसच्या धाटणीचा, जरी तो अँटवर्पमध्येच बनलेला असला तरी. लिंबू-संत्री भूमध्यसागराकडची. साखरेच्या कांड्या आणि मिठाया ब्राझीलसारख्या वसाहतींतल्या उसाच्या, अँटवर्पमध्ये शुद्ध केलेल्या. त्या उसामागे गुलामांची मेहनत होती आणि ती चित्रात कुठेही दिसत नाही. रकान्यात मात्र लिहून ठेवा.

गोव्याशी इथे खराखुरा धागा आहे. 1501 मध्ये पोर्तुगीज जहाजांतून आलेली मिरी अँटवर्पच्या बाजारात उतरली आणि पुढची सुमारे अर्धशतकभर उत्तर युरोपातली पोर्तुगीज मसाल्याची मुख्य पेठ तीच होती. मलबारची मिरी, चीनची भांडी, हा माल गोव्यामार्गे लिस्बनला आणि तिथून वर जाई. पोर्तुगालची गादी 1580 ते 1640 स्पेनच्या राजाकडे होती, म्हणजे काही काळ गोवा आणि अँटवर्प एकाच धन्याच्या अमलाखाली होते.

शिकारीचं चित्र असेल तर दुकानाचा विचार सोडा. हंस, हरीण, रानडुक्कर मारण्याचा हक्क प्रामुख्याने सरदार-जमीनदारांचा होता. अशा मांसाचा ढीग भिंतीवर लावणं म्हणजे पैशापेक्षा पदाचा दावा. स्नायडर्सची मोठाली चित्रं याच हिशेबाने बघा.

आता एक चित्र नीट हातात घेऊ. क्लारा पीटर्सचं साधारण 1615 चं, हेगच्या माउरिट्सहाउसमधलं: चीज, बदाम आणि प्रेट्झेल. माप फक्त 34.5 × 49.5 सेंटिमीटर. मध्यभागी कापलेल्या चीजचे मोठाले तुकडे एकावर एक रचलेले आणि त्यांच्या डोक्यावर बशीत लोण्याचे वळे. चिनी बशीत बदाम, मनुका, अंजीर. सोनेरी कामाचा काचेचा पेला. कथलाच्या झाकणाची मातीची सुरई. टेबलाच्या कडेवर चांदीच्या मुठीचा सुरा. चीज-लोणी तिथलंच, रोजचं. बशी जगाच्या दुसऱ्या टोकाची. पेला मिरवायचा. सुरा लग्नात देण्याच्या पद्धतीचा, आणि त्यावर कोरलेलं नाव चित्रकर्तीचं स्वतःचं.

यात मरण कुठे आहे? खरं सांगायचं तर फारसं नाही. चीजवर लोणी ही चैन सैतानाची, अशा अर्थाची एक डच म्हण आहे आणि ती या चित्राला जोडली जाते. मला ती थोडी ओढून आणलेली वाटते. सुरीने कापल्यावर चीजच्या कडेला जो खरबरीतपणा येतो, तो रंगवण्यात या बाईंना जो आनंद झालाय तो उपदेशकाचा नाही. प्रत्येक चित्रातून कवटी बाहेर काढायचा हट्ट धरू नका.

4. आता काळ शोधा

उघड खुणा सोप्या आहेत: कवटी, वाळूचं घड्याळ, विझलेली मेणबत्ती, साबणाचा बुडबुडा, तुटलेल्या तारेचं वाद्य. दे गेनचं 1603 चं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये आहे. स्वतंत्र व्हॅनिटास चित्रांत ते सर्वांत जुन्यांपैकी मानतात. कोनाड्यात कवटी, तिच्यावर तरंगणारा भलामोठा बुडबुडा, बाजूला ट्यूलिप, पुढे नाणी, आणि वर जगाकडे बघून हसणारा आणि रडणारा असे दोन ग्रीक तत्त्वज्ञ. सगळं स्पष्ट लिहून दिल्यासारखं. सुरुवात इथून करा, पण इथे मुक्काम करू नका.

खरी मजा अर्ध्यावर सोडलेल्या कृतीत आहे. लिंबाची साल अर्धी सोललेली आणि कडेवरून खाली लोंबणारी. पाई फोडलेली. पेला आडवा झालेला. सुरीची मूठ टेबलाबाहेर आलेली, धक्का लागला तर पडेल अशी. कुणीतरी जेवता जेवता उठून गेलं आहे आणि आलेलं नाही. कालवं उघडली की फार वेळ राहत नाहीत, हे तेव्हाच्या प्रत्येक बघणाऱ्याला नाकाने ठाऊक होतं. ओसियास बेर्टची वॉशिंग्टनमधली कालवं बघा. ओलसर, चमकणारी, आत्ताच उघडलेली. शेजारी महिनोन् महिने टिकणारी साखरेची मिठाई. (बेर्ट चित्रं रंगवता रंगवता बुचाचा व्यापारही करायचा. मालाची पारख असणारच.) कवटी नाही, घड्याळ नाही, तरी वेळ चाललेली कळते.

उलट बाजूही नोंदवा. फुलपाखरू अळीतून बाहेर येतं, म्हणून आत्म्याशी जोडलं गेलं. गव्हाची ओंबी आणि सदाहरित आयव्हीची वेल पुनरुत्थानाकडे बोट दाखवतात. फोडलेल्या अक्रोडाचा एक जुना धार्मिक अर्थ संत ऑगस्टिनकडे जातो: कठीण कवच म्हणजे क्रूसाचं लाकूड, आतला गर म्हणजे ख्रिस्ताचं दैवी रूप. म्हणजे सडण्याच्या खुणांशेजारी न सडणाऱ्याच्याही खुणा असतात, आणि कॅथलिक अँटवर्पमध्ये त्या शोधणं अगदी रास्त आहे.

आणि भव्यतेची हद्द बघायची असेल तर पीटर बूलचं 1663 चं व्हॅनिटास, फ्रान्समधल्या लील शहरात. भिंतभर मोठं. धर्मगुरूचा मुकुट, राजमुकुट, फेटा, चिलखत, पृथ्वीगोल, चित्रकाराची रंगपाटी, सगळं एका शवपेटीभोवती ढीग घालून टाकलेलं. ऐश्वर्य व्यर्थ आहे हे सांगायला इतकं ऐश्वर्य रंगवावं लागतं, यातला विनोद चित्रकाराला कळत नसेल असं मला वाटत नाही.

5. फुलांसाठी वेगळी फूटपट्टी

फुलांचं चित्र बघताना आधी ऋतू तपासा. ट्यूलिप, गुलाब, आयरिस, लिली, सगळं एकाच वेळी ताजं दिसलं तर असा गुच्छ प्रत्यक्षात कधीच नव्हता. चित्रकार महिनोन् महिने एकेक फूल फुलेल तसं रंगवत असे.

थोरल्या यान ब्रूगेलने 1606 मध्ये मिलानच्या कार्डिनल (वरिष्ठ कॅथलिक धर्मगुरू) फेदेरिको बोर्रोमेओसाठी असाच गुच्छ केला. अँटवर्पमध्ये न मिळणारी फुलं बघायला तो ब्रसेल्सला गेला. गुच्छाखाली त्याने एक दागिना, नाणी आणि समुद्रातले शिंपले रंगवले आणि कार्डिनलला कळवलं की फुलं सोन्या-रत्नांना मागे टाकतात की नाही ते तुम्हीच ठरवा. बोर्रोमेओने पुढे लिहून ठेवलं की पायथ्याचा हिरा बघून चित्रकाराचा इशारा कळला आणि आपण रत्नाचीच किंमत मोजली. चित्र आजही मिलानच्या आंब्रोसियाना संग्रहालयात आहे.

श्रीमंती आणि मरण यांचा इतका चोख व्यवहार दुसरीकडे क्वचित दिसेल. फूल चार दिवसांत जातं, हिरा राहतो. पण रंगवलेलं फूल हिऱ्याच्या भावाने विकलं जातं आणि चारशे वर्षांनी आपण ते बघतो. म्हणून फुलांच्या चित्रात गळलेली पाकळी शोधाच, सोबत हेही विचारा की चित्रकार स्वतःच्या कामाला कुठे बसवतो आहे.

6. चित्रकाराला शोधा

चकचकीत पृष्ठभाग आला की झूम करा. वरच्या चीजच्या चित्रात सुरईच्या झाकणावर क्लारा पीटर्सचा चिमुकला चेहरा आहे, डोक्यावर टोपी घातलेला. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या 1612 च्या चित्रात सोनेरी चषकाच्या फुगवट्यांवर ती पुन्हापुन्हा दिसते, हातात ब्रश आणि रंगपाटी घेऊन. दुसऱ्याच्या संपत्तीवर स्वतःची सही करण्याचा हा प्रकार मला फार आवडतो.

अँटवर्पचाच कॉर्नेलिस गिस्ब्रेख्ट्स याच्या पुढे गेला. त्याच्या व्हॅनिटास चित्रांत कॅनव्हासचा कोपरा चौकटीवरून सुटून लोंबताना रंगवलेला असतो. म्हणजे कवटीचं चित्रसुद्धा नाशवंतच. डॅनिश दरबारात असताना त्याने 1670 च्या सुमारास एका चित्राची फक्त मागची बाजू रंगवली: लाकडी चौकट, खिळे, 36 आकड्याची चिठ्ठी. ते कोपनहेगनमध्ये आहे.

7. हे सापळे टाळा

*चिन्हांचा शब्दकोश.* "लिंबू = दिसायला गोड, चवीला आंबट" हे समीकरण सगळीकडे मिळेल. पण लिंबू वाइनमध्ये आणि कालवांवर पिळायचंही होतं, आणि सोललेली साल रंगवणं ही हातखंडा दाखवायची संधी होती. एका वस्तूवर अर्थ उभा करू नका. दोन-तीन खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच बोला.

*नावावर विश्वास.* आज दिसणारी बहुतेक शीर्षकं नंतर दिलेली आहेत. लेबलवर 'व्हॅनिटास' लिहिलं म्हणून चित्रकाराने तसं म्हटलं होतं असं नाही.

*निळी पानं.* पानं निळसर दिसली की त्यात गूढ शोधू नका. हिरव्यासाठी निळ्यासोबत वापरलेला पिवळा रंग उजेडाने उडून जातो आणि मागे निळा उरतो. तसंच सगळं चित्र मधाळ पिवळं दिसत असेल तर ते जुनं व्हार्निश असू शकतं.

*ट्यूलिपचा सट्टा.* ट्यूलिप दिसला की त्याच्या कंदांचे चढलेले भाव 1637 मध्ये कोसळल्याची गोष्ट सांगायचा मोह होतो. ती घडली डच प्रजासत्ताकात. 1606 च्या ब्रूगेलला तिची काही कल्पना असणं शक्य नाही. वर्ष बघा, मग गोष्ट सांगा.

8. प्रत्यक्ष बघायला जाताना

अँटवर्पचं रॉयल म्युझियम दीर्घ दुरुस्तीनंतर 2022 मध्ये पुन्हा उघडलं. त्याच शहरात स्नायडर्सचं राहतं घर शेजारच्या रॉकॉक्सच्या घराला जोडून संग्रहालय केलं आहे. ते आधी बघा, कारण ही चित्रं कशा खोलीत टांगली जायची ते तिथे कळतं. हेग आणि लील दोन्ही अँटवर्पहून रेल्वेने जाण्यासारखी आहेत आणि एकाच शेंगेन व्हिसात बसतात. माद्रिदच्या प्राडोत क्लारा पीटर्सची चार चित्रं आहेत. स्पेनचं राज्य असल्यामुळे फ्लेमिश चित्रं तिकडे भरपूर गेली. पॅरिसला गेलात तर लूव्रमध्ये दे हेमचं 1640 चं जेवणाचं टेबल चुकवू नका. ते चौदाव्या लुईच्या संग्रहात होतं आणि फ्रेंच चित्रकार मातिसने 1893 मध्ये त्याची नक्कल केली होती.

निघण्याआधी संकेतस्थळावर चित्र सध्या भिंतीवर आहे की नाही हे तपासा. प्रदर्शनांसाठी चित्रं उसनी जातात. पाठीवरची सॅक लॉकरमध्ये ठेवा, फ्लॅश बंद करा आणि तपशील दाखवताना बोट काचेजवळ नेऊ नका, अलार्म वाजतो. एका दालनात दोनच चित्रं निवडा: एक कवटीवालं, एक बिनकवटीचं. तीन रकान्यांची वही आधी बिनकवटीच्या चित्रासमोर उघडा.